पट्टी शंभरावर पोचल्यानंतर

निन्टेंडोचा वी हा कन्सोल नोव्हेंबर २००६ मध्ये बाजारात आला आणि जगभरात त्याची १० कोटींहून अधिक विक्री झाली. त्याचं अधिकृत ऑनलाइन दुकान, वी शॉप चॅनल, ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झालं. यंत्रं मात्र चालू आहेत, आणि त्यांच्यासाठी नवं सॉफ्टवेअर आजही लिहिलं जातं. ते लिहितात हौशी प्रोग्रामर, कंपनीच्या परवान्याविना. वाटून टाकतात फुकट, बहुतेकदा मूळ कोडसकट. यालाच होमब्रू म्हणतात. चोरलेल्या गेमच्या प्रतींशी त्याची सर्रास गल्लत केली जाते, ती करू नये. मीडिया प्लेयर, छोटे स्वतंत्र गेम, सेव्ह फायलींचा बॅकअप घेणारी साधनं, जुन्या यंत्राचं आयुष्य वाढवणाऱ्या उपयोगिता असा हा ऐवज आहे.

तो कन्सोलपर्यंत पोचवतं ते डाउनलोड मॅनेजर ॲप. वीवर होमब्रू ब्राउझरने हे काम वर्षानुवर्षं केलं, आणि त्याच्यासाठीचा साठा आता ओपन शॉप चॅनल हा स्वयंसेवकांचा प्रकल्प सांभाळतो. निन्टेंडोच्याच वी यू आणि स्विच या कन्सोलवर एचबी ॲप स्टोअर आहे, थ्रीडीएसवर युनिव्हर्सल अपडेटर. अशा ॲपमध्ये सुधारणा करायची म्हटली की पहिला हात दिसण्याला लागतो. नवी थीम, गोल कोपऱ्यांची बटणं, सरकणारी चित्रं. त्यात गैर काही नाही. पण माझ्या मते खरं काम दुसरीकडे पडून आहे. स्क्रीनवरची डाउनलोडची पट्टी मोजते ते नेटवर्कवरून आलेले बाइट, आणि वापरणाऱ्याला हवं असतं ते ॲप सुरू होणं. पट्टी शंभरावर पोचल्यापासून ॲप पहिल्यांदा उघडेपर्यंतच्या टप्प्यात जे बिघडतं, ते दुरुस्त करणारी सुधारणा मला सगळ्यात मोलाची वाटते.

आधी यंत्राचा आवाका पाहू. वीचा मुख्य प्रोसेसर ७२९ मेगाहर्ट्झचा, मेमरी २४ एमबी आणि ६४ एमबी अशा दोन हिश्शांत, आणि दुसऱ्या हिश्शातला काही भाग आयओएस ही अंतर्गत व्यवस्था स्वतःसाठी राखून ठेवते. नेटवर्क आणि एसडी कार्डाचं (होमब्रू याच मेमरी कार्डावर राहतं) बरंचसं काम तीच आयओएस एका छोट्या वेगळ्या प्रोसेसरवरून करते. आपलं ॲप तिला विनंती करतं आणि उत्तराची वाट पाहतं. ही वाट पाहणं मुख्य धाग्यातच (धागा म्हणजे प्रोग्राममधलं समांतर चालणारं एक काम) ठेवलं, तर एखादा सर्व्हर गप्प बसताच स्क्रीन थिजते, रिमोटचं बटण दाबून काही होत नाही, आणि माणूस वैतागून वायर ओढतो. म्हणून पहिली दुरुस्ती अशी: नेटवर्कला वेगळा धागा, कार्डावर लिहिण्याला वेगळा, आणि स्क्रीन नि रिमोटचा धागा कायम मोकळा. तीस सेकंदांत एकही बाइट आला नाही तर जोडणी तोडायची, दोन, चार, आठ सेकंद अशा वाढत्या अंतराने पुन्हा प्रयत्न करायचा, आणि तसं स्क्रीनवर शब्दांत सांगायचं. नुसता उणे चिन्हाचा त्रुटी क्रमांक दाखवून कुणाचं भलं होत नाही. तो लॉग फायलीत राहू द्यावा.

तुटलेलं डाउनलोड पुढे चालू करण्याची सोय सगळ्यांनाच हवी असते, आणि ती चुकीची बांधणं फार सोपं आहे. एचटीटीपी या वेबवरून फायली मागवण्याच्या पद्धतीत रेंज नावाची सोय आहे: ‘मला अमुक बाइटपासून पुढचं दे’. सर्व्हरने ऐकलं तर उत्तराचा क्रमांक येतो २०६. पण कित्येक सर्व्हर ही विनंती सरळ दुर्लक्षून २०० असं उत्तर देतात आणि फाइल पहिल्या बाइटपासून पाठवतात. ॲपने उत्तराचा क्रमांक न पाहता आलेला मजकूर अर्ध्या फायलीला चिकटवला की तयार होतो तो निव्वळ कचरा, आणि पट्टी मात्र डौलात शंभर दाखवते. दुसरा धोका याहून चोरटा आहे. दोन प्रयत्नांच्या मध्ये लेखकाने नवी आवृत्ती त्याच नावाने चढवली, तर पहिला अर्धा जुन्याचा आणि दुसरा अर्धा नव्याचा, अशी फाइल बनते. यावर उपाय म्हणजे अर्ध्या फायलीशेजारी एक छोटी नोंद-फाइल ठेवणं. तिच्यात पत्ता, अपेक्षित आकार, हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा ठसा) आणि सर्व्हरने दिलेला ईटॅग, म्हणजे फायलीच्या आवृत्तीची खूण, लिहायचा, आणि पुढच्या विनंतीत तोच ईटॅग इफ-रेंज या रकान्यात पाठवायचा. फाइल बदलली असेल तर सर्व्हर आपणहून पूर्ण फाइल पाठवतो. ४१६, म्हणजे ‘मागितलेला भाग फायलीत नाही’, असं उत्तर आलं तर आपल्याकडचा तुकडाच संशयास्पद समजून टाकून द्यावा.

इथे कार्डाचा एक स्वभाव ध्यानात ठेवायला हवा, कारण ‘पुढे चालू करा’ ही सोय बहुधा याच जागी फसते. फॅट३२ या कार्डावर फायली मांडण्याच्या पद्धतीत फाइलचा मजकूर एकीकडे असतो आणि तिचा आकार फोल्डरच्या नोंदीत दुसरीकडे. लिहिणं चालू असताना ही नोंद लगेच बदलत नाही. फाइल बंद केली किंवा एफसिंक केलं (‘सगळं आत्ताच कार्डावर लिही’ अशी आज्ञा दिली) तरच बदलते. म्हणजे पंधरा एमबी उतरल्यावर वीज गेली, तर कार्डावर मजकूर असतो आणि नोंदीत आकार शून्य. पुन्हा सुरू झाल्यावर ॲपला शून्य बाइटची फाइल दिसते, आणि ते पंधरा एमबी कुणाच्याही मालकीचे नसलेले क्लस्टर, म्हणजे कार्डावरचे जागेचे ठोकळे, होऊन जागा अडवत राहतात. म्हणून दर एक एमबीनंतर एफसिंक करावं. वेग किंचित कमी होईल, तो होऊ द्यावा. पुढे चालू करताना शेवटचे ६४ केबी कापून तिथून मागावं, कारण तुटीच्या क्षणी तिथेच काय लिहिलं गेलं याची खात्री नसते. आपल्याकडे पावसाळ्यात वीज कशी जाते हे सांगायला नको. हा प्रसंग अपवाद मानून चालणार नाही.

लिहिण्याच्या वेगाबद्दल थोडक्यात. नेटवर्कवरून येणारे छोटे तुकडे जसेच्या तसे कार्डावर टाकले तर कार्ड दमतं. मेमरीत ३२ बाइटच्या सीमेवर बसवलेले ६४ केबीचे दोन बफर, म्हणजे तात्पुरते साठे, घ्यावेत. एक भरत असताना दुसरा लिहिला जावा. वेगाचा आकडा सेकंदाला तीन-चार वेळांपेक्षा जास्त बदलू नये आणि सरासरी काढून दाखवावा, नाहीतर उरलेला वेळ दोन मिनिटं आणि चाळीस मिनिटं यांत हेलकावे खातो.

आता फाइल आली. ती तीच आहे का? पहिली तपासणी अगदी स्वस्तातली: झिप फाइलचे पहिले चार बाइट ५०, ४बी, ०३, ०४ असतात. तिथे कोनी कंस दिसला तर सर्व्हरने ‘पान सापडलं नाही’ असं वेबपान पाठवलंय आणि आपण त्याला झिप असं नाव दिलंय. हे रोज घडतं, कारण साठे जागा बदलतात आणि जुने पत्ते मरतात. झिपची अनुक्रमणिका फायलीच्या शेवटी असते, त्यामुळे शेपूट तुटलेली झिप उघडतच नाही. हे एका अर्थी बरंच, पण त्यावर विसंबू नये. साठ्याच्या यादीत प्रत्येक पॅकेजचा, म्हणजे ॲपच्या झिपचा, एसएचए-२५६ हॅश द्यावा आणि बाइट येतानाच तो मोजत जावा. शेवटी वेगळा वेळ लागत नाही. झिपमधली नावंही तपासावीत. ज्या नावात दोन टिंबं आणि तिरपी रेघ आहे किंवा जे मुळापासून सुरू होतं, ते पॅकेज नाकारावं, नाहीतर ते आपल्या फोल्डरबाहेर कुठेही लिहू शकतं.

पण हॅश आणि फाइल दोन्ही एकाच साध्या एचटीटीपी वाटेने येत असतील, तर हॅशमुळे बिघाड कळतो, लबाडी कळत नाही. वाटेत कुणी फाइल बदलली तर तो यादीतला हॅशही बदलेल. ‘मग एचटीटीपीएस वापरा’ असं उत्तर सहज दिलं जातं, आणि या यंत्रावर ते अपुरं पडतं. आजच्या सर्व्हरना एचटीटीपीएससाठी लागणारी टीएलएस १.२ किंवा १.३ ही सुरक्षा-पद्धत कन्सोलच्या अंगभूत व्यवस्थेला जमत नाही. त्यासाठी वुल्फएसएसएल किंवा एम्बेड टीएलएस यांपैकी एखादी लायब्ररी ॲपमध्येच घ्यावी लागते. ती घेतली तरी घड्याळाचा प्रश्न उरतोच. वीमध्ये सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी असते. इतक्या वर्षांत ती संपलेली असली तर तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि सर्व्हरला आज दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र यंत्राच्या लेखी अजून लागूच झालेलं नसतं. जोडणी नाकारली जाते, आणि माणूस राउटर बदलत बसतो.

म्हणून यादीवर डिजिटल स्वाक्षरी करणं हा मला जास्त टिकाऊ मार्ग वाटतो. ईडी२५५१९ पद्धतीत सार्वजनिक चावी फक्त ३२ बाइटची आणि स्वाक्षरी ६४ बाइटची. चावी ॲपमध्येच ठेवायची. यादी कोणत्याही सर्व्हरवरून, कोणत्याही वाटेने येऊ दे, स्वाक्षरी जुळली तर यादी खरी. यादीतला हॅश जुळला तर फाइल खरी. घड्याळाचा संबंधच येत नाही. शिवाय दुसऱ्या कुणी साठ्याची प्रत आपल्या सर्व्हरवर ठेवली तरी तिच्यावर भरवसा ठेवता येतो, आणि स्वयंसेवकांच्या जिवावर चालणाऱ्या कामात हे फार महत्त्वाचं आहे. एक फट उरते. कुणी जुनीच, पण खरी स्वाक्षरी असलेली यादी पुन्हा पुढे करू शकतो. यादीत चढता अनुक्रमांक ठेवून, शेवटी पाहिलेला अनुक्रमांक कार्डावर लिहून ठेवला की तीही बुजते.

आता मूळ मुद्दा, जुन्याच्या जागी नवं बसवणं. वीच्या होमब्रू चॅनलची, म्हणजे ही ॲप जिथून सुरू होतात त्या मेनूची, मांडणी साधी आहे. कार्डावर ‘ॲप्स’ नावाचं फोल्डर, त्यात प्रत्येक ॲपचं एक फोल्डर, आणि त्यात बूट.डॉल हा प्रोग्राम, मेटा.एक्सएमएल ही माहिती आणि १२८ बाय ४८ पिक्सेलचं आयकॉन. अपडेट म्हणजे त्या फोल्डरात झिप सोडणं, असं करणारा मॅनेजर लिहायला तासभर पुरतो. पण उलगडताना मध्येच अडथळा आला तर जुनं अर्धवट पुसलेलं, नवं अर्धवट लिहिलेलं, आणि ॲप कोणत्याही आवृत्तीत चालत नाही. नव्या घरात सामान लागेपर्यंत जुन्या घराची किल्ली परत करायची नसते, तसंच हे. झिप आधी एका तात्पुरत्या फोल्डरात उलगडावी, प्रत्येक फायलीचा आकार आणि सीआरसी (झिपमध्ये नोंदलेला पडताळणीचा आकडा) तपासावा, फाइल बंद करताना मिळणारं उत्तरही पाहावं (कार्ड भरल्याची बातमी कित्येकदा तिथेच कळते), आणि मग अदलाबदल करावी.

अदलाबदलीतही मेख आहे. फॅटवर नाव बदलणं म्हणजे जुनी नोंद काढणं आणि नवी लिहिणं. या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि त्यांच्या मध्ये वीज जाऊ शकते. वीवर वापरली जाणारी लिबफॅट ही फॅट कार्डं हाताळणारी लायब्ररी तर त्या नावाची फाइल आधीच असेल तर नाव बदलायलाच नकार देते. तेव्हा अदलाबदलीपूर्वी एक छोटी रोजनिशी-फाइल लिहायची: कोणतं पॅकेज, कोणत्या फायली, कुठला टप्पा. मग जुन्या फायलींना ‘जुनी’ असा शेपटा लावायचा, नव्या जागेवर आणायच्या, रोजनिशी पुसायची आणि सर्वांत शेवटी जुन्या पुसायच्या. ॲप सुरू होताच पहिलं काम ही रोजनिशी शोधणं. ती सापडली आणि नव्या सगळ्या फायली तात्पुरत्या वा अंतिम जागी शाबूत असल्या तर काम पुढे न्यायचं. एखादी जरी गहाळ असली तर जुन्या परत आणायच्या. दोन्ही वाटांनी माणसाच्या हाती चालणारं ॲप राहतं. रोजनिशी नसेल आणि नुसती ‘जुनी’ फाइल दिसली, तर काम पूर्ण झालं होतं आणि फक्त झाडलोट राहिली होती, असा तिचा अर्थ.

पूर्ण फोल्डरच बदलून टाकलं तर सोपं पडेल असं वाटतं. तसं करू नये. बरीच ॲप आपल्या सेटिंग, उच्चांक, कधी सेव्हसुद्धा त्याच फोल्डरात ठेवतात. अपडेट केलं आणि मुलाचा सेव्ह गेला, तर तो माणूस पुन्हा कधी अपडेटचं बटण दाबणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. एचबी ॲप स्टोअरच्या पॅकेजमध्ये एक मॅनिफेस्ट, म्हणजे फायलींची यादी, असतो. त्यात प्रत्येक फायलीपुढे एक अक्षर असतं: ही नेहमी नवी करा, ही फक्त नसेल तरच ठेवा, वगैरे. माझ्या मते ती या क्षेत्रातली एक उत्तम कल्पना आहे. जुन्या साठ्यातल्या झिपमध्ये असा मॅनिफेस्ट नसेल तर मॅनेजरने तो स्वतः बनवावा. बसवलेल्या प्रत्येक फायलीचा हॅश लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी कार्डावरच्या फायलीचा हॅश त्याहून वेगळा निघाला, तर ती माणसाने किंवा ॲपने बदललेली आहे. तिला हात न लावता नवी शेजारी ठेवावी आणि तसं सांगावं. काढून टाकतानाही हाच नियम: आपण ठेवलेलं तेवढंच आपण पुसावं.

पॉवरचं बटण हा याच साखळीतला दुवा आहे. वीसाठी होमब्रू लिहिताना वापरल्या जाणाऱ्या लिबओजीसी या लायब्ररीमध्ये पॉवर आणि रिसेट या दोन्ही बटणांसाठी आपलं फंक्शन जोडता येतं. त्या फंक्शनमध्ये थेट यंत्र बंद करण्याऐवजी फक्त एक खूण लावावी. लिहिणाऱ्या धाग्याने ती पाहून हातातला बफर संपवावा, फाइल बंद करावी, कार्ड अनमाउंट करावं, आणि मगच यंत्र बंद व्हावं. ‘बंद करतोय, कार्ड काढू नका’ एवढी ओळ त्या दोन सेकंदांत दिसली तरी पुरे.

जागेचा हिशोबही या सगळ्याला धरूनच करावा लागतो. झिप, उलगडलेल्या फायली आणि अदलाबदल होईपर्यंतची जुनी प्रत, अशी तिन्ही एकाच वेळी कार्डावर असतात. शिवाय क्लस्टर ३२ केबीचा असेल तर एक केबीची फाइलही ३२ केबी खाते. अशा हजार छोट्या फायलींचं ॲप कागदावर एक एमबीचं आणि कार्डावर सुमारे ३१ एमबीचं. म्हणून मोजमाप क्लस्टरमध्ये करावं आणि डाउनलोड सुरू होण्याआधी करावं. मोकळी जागा शोधताना लिबफॅट मोठ्या कार्डावर वेळ घेते, तेव्हा ते एकदाच मोजून पुढे आपणच वजाबाकी करत राहावं. कार्डाच्या कडेचं लॉकचा खटका खाली सरकलेला असेल तर तेही सुरुवातीलाच, एक रिकामी फाइल लिहून पाहिल्यास कळतं.

अपडेट आहे की नाही हे ठरवताना आवृत्तीच्या आकड्यांवर विसंबणं धोक्याचं. अक्षरशः तुलना केली तर १.१० हे १.९ पेक्षा लहान ठरतं, आणि ‘बीटा’ किंवा ‘आर१२४५’ असे प्रकार वेगळेच. कार्डावरच्या बूट.डॉलचा हॅश यादीतल्या हॅशशी ताडून पाहावा. तो आपण शेवटी बसवलेल्याशीही जुळत नसेल, तर माणसाने हाताने दुसरी, कदाचित जास्त नवी आवृत्ती ठेवली आहे. तिथे ‘सगळं अपडेट करा’ या बटणाने परस्पर काही करू नये, विचारावं.

यादी दाखवण्याच्या बाबतीत थोडंच सांगण्यासारखं आहे. एक आयकॉन मेमरीत २४,५७६ बाइट घेतं. तीनशे आयकॉन म्हणजे सात एमबीच्या वर. दिसणारं पान आणि त्याच्या मागचं-पुढचं पान एवढीच ठेवली की पुरतं. यादीचा ईटॅग जपून ठेवला तर बदल नसताना ३०४ उत्तर येतं आणि काही उतरवावंच लागत नाही. जुन्या टीव्हीच्या कडा चित्र कापतात, तेव्हा महत्त्वाचा मजकूर कडेपासून आत असावा. वीच्या फ्रेमबफरमध्ये (स्क्रीनवर जाणारं चित्र ठेवणाऱ्या मेमरीत) शेजारच्या दोन पिक्सेलना मिळून एकच रंग असतो, त्यामुळे गडद पार्श्वभूमीवरची बारीक लाल अक्षरं फिसकटतात. त्रुटीचा मजकूर पांढरा आणि ठळक ठेवावा.

ॲप मराठीत आणायचं कुणी मनावर घेतलं, तर दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. फ्रीटाइप ही लायब्ररी अक्षरांची चित्रं काढते, पण जोडाक्षरं जुळवत नाही. नुसत्या तिच्या भरवशावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते आणि ‘क्ष’ सुटा दिसतो. सोबत जोडाक्षरं जुळवणारी हार्फबझ लागते. दुसरं म्हणजे, यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ६४ बाइटला मजकूर कापणारा जुना कोड चिन्हाच्या मधोमध सुरी चालवतो आणि ओळीच्या शेवटी चौकोन उमटतो. आणि मेटा.एक्सएमएलमध्ये नुसतं ‘अँड’चं चिन्ह टाकणारे लेखक भरपूर आहेत. एक्सएमएलच्या नियमात ते बसत नाही, पण त्यापायी पूर्ण ॲप यादीतून गायब होऊ देऊ नये.

चाचणीसाठी चांगला सर्व्हर निरुपयोगी असतो. पायथनमध्ये पन्नासेक ओळींचा एक वाईट सर्व्हर लिहावा: मध्येच जोडणी तोडणारा, रेंजला २०० देणारा, आकार खोटा सांगणारा, झिपऐवजी वेबपान पाठवणारा, दर दहा सेकंदांनी एक बाइट सोडणारा. हा शेवटचा महत्त्वाचा, कारण तीस सेकंदांची अट त्याला पकडत नाही. त्यासाठी मिनिटाला किमान किती बाइट, अशी दुसरी अट लागते. अदलाबदलीची चाचणी डॉल्फिन एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर वीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, करता येते. कार्डाची प्रतिमा-फाइल जपून ठेवायची, रोजनिशीच्या प्रत्येक टप्प्यावर एम्युलेटर मारायचा, पुन्हा सुरू करून ॲप चालतंय का पाहायचं. वेग, कार्डाची कुरबुर आणि वाय-फाय मात्र खऱ्या यंत्रावरच कळतात, आणि तिथे एक जुनं, एक नवं आणि एक जवळजवळ भरलेलं, अशी तीन कार्डं तरी हवीत.

उरतं ते मॅनेजरचं स्वतःचं अपडेट. वीवर चालू प्रोग्राम आधीच मेमरीत चढवलेला असतो, त्यामुळे त्याची फाइल बदलायला तांत्रिक अडचण नाही. पण नवी आवृत्ती सुरूच झाली नाही तर ती दुरुस्त करणारं साधनही तीच असते. म्हणून स्वतःला बदलण्याआधी मॅनेजरने आपली चालू प्रत ‘ॲप्स’मध्ये वेगळ्या फोल्डरात, वेगळ्या नावाने ठेवावी, म्हणजे होमब्रू चॅनलवर दोन्ही शेजारीशेजारी दिसतील. नव्या आवृत्तीने यादी उतरवून, स्वाक्षरी तपासून, कार्डावर एक फाइल लिहून-वाचून दाखवली, की मगच जुनी प्रत काढायची का हे तिने विचारावं. उत्तराची निवड आधीपासून ‘नाही’ वर ठेवावी.